नीतिमान साहेब व्हायचंय? आधी लांब उभं राहायला शिका

शिरोली किंवा गोकुळ शिरगावात वडिलांची फौंड्री आहे, मेकॅनिकलची पदवी खिशात आहे आणि तेलविहिरींवर काम करणाऱ्या एखाद्या बड्या परदेशी कंपनीत साहेब व्हायचं मनात आहे? अभिनंदन. पगार डॉलरमध्ये, 28 दिवस काम, 28 दिवस सुट्टी, आणि स्थळांच्या बाजारात भाव डॉक्टरच्याही वर. अडचण एकच आहे आणि ती तुमच्या मार्कांत नाही. तुम्ही कोल्हापूरचे आहात. इथं माणूस पोटातलं ओठावर आणतो, शिवीसुद्धा तोंडावर देतो, आणि ज्याला काल टोपी घातली तो आज सकाळी मिसळीच्या टेबलावर नेमका समोर येऊन बसतो. अशा गावात बड्या कंपनीची नीतिमत्ता रुजत नाही. तिला अंतर लागतं. मैलांचं लागतं, कागदांचं लागतं, आणि जमलं तर मधे एखादा समुद्र लागतो.

हा धंदा नक्की काय, हे घरच्यांना समजावून सांगावं लागेल. तेल या कंपन्यांचं नसतं. आपल्याकडं बोअर मारायला तमिळनाडूची गाडी येते ना, तसंच. रान तुमचं, पाणी लागलं तर तुमचं, नाही लागलं तर नशीबही तुमचंच. गाडीवाला फुटावर पैसे मोजून घेतो आणि पुढच्या गावाला जातो. श्लम्बर्जर (2022 पासून नाव नुसतं एसएलबी), हॅलिबर्टन, बेकर ह्यूजेस, वेदरफोर्ड ही त्यातली मोठी घराणी. विहिरीची दिशा फिरवणं, खडकाचा अंदाज घेणं, पोलादी पाइपाभोवती सिमेंट भरणं, ही कामं त्यांची. 1927 साली श्लम्बर्जर बंधूंच्या माणसांनी फ्रान्समधल्या पेशेलब्रॉनच्या विहिरीत उपकरण सोडून खडकाचा विद्युत रोध मोजला, तिथून हा सगळा पसारा वाढला. अभियांत्रिकी एक नंबर आहे, त्यात चेष्टा नाही. चेष्टा पुढं आहे.

पहिल्यांदा पाकीट द्यायची गावठी सवय सोडा. फॅक्टरीत इन्स्पेक्टर आला, चहा झाला, ड्रॉवर उघडला, ‘साहेब, पोरांना खाऊ’ म्हणून पाकीट सरकवलं. देणारे तुम्ही, घेणारा तो, आणि बघणारा तुमचाच अकाउंटंट, जो दिवाळीचा बोनस कमी पडला की सगळ्या पेठेत सांगणार. याला व्यवस्थापन म्हणत नाहीत. व्यवस्थापन कसं असतं ते नायजेरियात बघा. बॉनी बेटावर नैसर्गिक वायू द्रवरूप करायचा कारखाना उभा करायचा होता. चार कंपन्यांनी मोट बांधली. त्यातली केलॉग ही पुढं हॅलिबर्टनच्या पोटात आली आणि केबीआर या नावानं चालू लागली. कंत्राटं 6 अब्ज डॉलरच्या वरची. एकाही साहेबानं ड्रॉवर उघडला नाही. लंडनचा एक वकील सल्लागार म्हणून नेमला, जपानची एक व्यापारी कंपनी सल्लागार म्हणून नेमली, आणि दोघांना मिळून 18 कोटी डॉलरच्या आसपास फी दिली. पुढं त्या फीचं काय झालं, हे साहेबाला माहीत असायचं कारण नाही. तो तर फक्त सल्ला घेत होता.

कोणता एजंट नेमायचा, कोणत्या पातळीवरच्या माणसाला खूश करायचं, याची चर्चा ज्या बैठकांत व्हायची त्यांना ही मंडळी आपसांत ‘सांस्कृतिक बैठका’ म्हणत. हे मी रचलेलं नाही, अमेरिकेतल्या खटल्याच्या कागदांत आहे. आपण मात्र संस्कृती म्हटलं की केशवराव भोसले नाट्यगृहाच्या पलीकडं जात नाही, म्हणून मागं राहिलो. याच प्रकरणात अबुजाच्या हॉटेलात 100 डॉलरच्या नोटांनी भरलेली 10 लाख डॉलरची ब्रीफकेस पोचली, आणि स्थानिक चलनातली रक्कम इतकी अवजड झाली की ती गाडीत घालून न्यावी लागली. हा भाग जरा कोल्हापुरी झाला, हे मान्य. अंतराचं तंत्र शेवटच्या शंभर पावलांत कमी पडलं. 2009 मध्ये केबीआरनं गुन्हा कबूल केला, दंड आणि परतफेड मिळून 57 कोटी 90 लाख डॉलर भरले गेले, आणि एक मोठे साहेब 2012 मध्ये अडीच वर्षांसाठी आत गेले. एक साहेब. बैठकांना खुर्च्या बऱ्याच असाव्यात.

एजंट कसा निवडायचा, हाही अभ्यासाचा विषय आहे. अंगोलात नियम होता की परदेशी कंपनीनं स्थानिक उद्योगांनाही काम द्यावं. चांगला नियम, आपल्याकडं भूमिपुत्रांसाठी आंदोलनं होतात, तशातलाच. हॅलिबर्टननं तो मनावर घेतला आणि एक स्थानिक कंपनी शोधली. तिचा मालक आधी हॅलिबर्टनमध्येच नोकरीला होता, आणि ज्या सरकारी अधिकाऱ्याच्या सहीनं मोठी कंत्राटं मंजूर व्हायची त्याचा तो मित्र आणि शेजारी निघाला. त्याच्या कंपनीला 37 लाख डॉलर गेले. 2017 मध्ये अमेरिकेच्या रोखे आयोगानं बोट ठेवलं तेव्हा कंपनीनं 2 कोटी 92 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं, आणि मिटवताना आरोप मान्यही केले नाहीत आणि अमान्यही केले नाहीत. ही कला शिकून घ्या. आपल्या कारखान्यांच्या वार्षिक सभांत एक गट ‘मंजूर, मंजूर’ ओरडतो, दुसरा ‘नामंजूर’ म्हणून खुर्च्या उचलतो. दोन्ही एकाच तोंडानं, एकाच वेळी आणि खुर्ची न हलवता म्हणता येतं हे आपल्या लक्षातच आलं नाही.

पाहुणचार तर तुम्हाला शिकवायला नको. फक्त त्याचा पल्ला वाढवा. आपण पाहुण्याला तांबडा-पांढरा पाजतो, पायाला कोल्हापुरी चप्पल घालून देतो, फार तर शाहू स्टेडियमवर तालमींची फुटबॉल मॅच दाखवतो, तीही उन्हात. वेदरफोर्डनं अल्जीरियाच्या सरकारी तेल कंपनीचे दोन अधिकारी 2006 च्या फुटबॉल विश्वचषकाला जर्मनीत हॅनोव्हरला नेले. त्याच कंपनीतल्या एका अधिकाऱ्याच्या मुलीच्या मधुचंद्राचा प्रवासही उरकून दिला. लग्नात पाचशेचं पाकीट धरून जेवणाच्या रांगेत उभं राहणाऱ्यांनी इथं थोडं थांबून विचार करावा. शंभराहून जास्त देशांत पसरलेल्या या कंपनीत, अमेरिकेच्या न्याय खात्याच्या म्हणण्यानुसार, 2008 पर्यंत नीतिनियम पाळले जातात की नाही हे बघायला एकही स्वतंत्र अधिकारी नव्हता. नेमायला वेळ मिळाला नसेल. 2013 मध्ये सगळं मिळून 25 कोटी डॉलरच्या वर बिल आलं.

आता भूगोल. अमेरिकेत बसलेल्या माणसानं इराण आणि सुदानशी धंदा करायचा नाही, असे निर्बंध होते. श्लम्बर्जरचा विहिरी खोदण्याचा आणि मोजमापाचा विभाग टेक्सासमधल्या शुगर लँड या गावातून चाले. (नाव साखरेवरूनच पडलं आहे, तिथंही साखर कारखाना होता आणि तोही बंद पडला. जीव रमेल तुमचा.) परदेशातल्या शाखांना इराण-सुदानच्या कामासाठी यंत्रसामग्रीचा खर्च शुगर लँडकडून मंजूर करून घ्यायचा असे. मग पत्रव्यवहारात इराणला ‘उत्तर आखात’ आणि सुदानला ‘दक्षिण इजिप्त’ लिहायला सुरुवात झाली. देश जागेवर, विहिरी जागेवर, मंजुरीही वेळेवर. आपण 1956 पासून सीमाप्रश्नावर मोर्चे काढतोय, कोर्टात तारखा घेतोय. निपाणीला ‘कागलचा दक्षिण भाग’ म्हणायचं कुणाला सुचलं नाही. 2015 मध्ये हा भूगोल न्यायालयात तपासला गेला. 23 कोटी 27 लाख डॉलर आणि तीन वर्षं कंपनीवर देखरेख. नकाशाच्या मानानं महाग नाही.

इथवर पैशाचं झालं. पण खरा साहेब ओळखला जातो तो काम बिघडल्यावर, आणि हा धडा जरा सावकाश वाचा, कारण तुमचं फौंड्रीतलं संगोपन इथंच आडवं येणार आहे. वडिलांच्या कारखान्यात ओतलेल्या कास्टिंगला ब्लोहोल, म्हणजे आत हवेची पोकळी, निघाला की तो जॉब गेटजवळच्या रिजेक्शनच्या ढिगात पडतो. तो ढीग सगळ्यांना दिसतो: मोल्डरला, हमालाला, माल न्यायला आलेल्या टेम्पोवाल्याला. पार्टी येऊन ढिगाकडं बघते आणि वडिलांची मान खाली जाते. लोखंड लपवता येत नाही हा या धंद्याचा मोठाच दोष.

20 एप्रिल 2010 च्या रात्री मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या रिगवर, म्हणजे समुद्रात विहीर खोदणाऱ्या तरंगत्या मंचावर, स्फोट झाला. 11 माणसं गेली, रिग बुडाली, आणि विहीर तीन महिने समुद्रात तेल ओकत राहिली. विहीर बीपी या ब्रिटिश तेल कंपनीची, सिमेंट हॅलिबर्टनचं. पाइप विहिरीच्या मधोमध राहावा, म्हणजे सिमेंट सगळीकडून सारखं भरतं, यासाठी त्याला बाहेरून कडी बसवतात. हॅलिबर्टननं 21 कडी सुचवली होती, बीपीनं 6 वर भागवलं. स्फोटानंतर हॅलिबर्टनच्या हातात हा हुकमाचा एक्का होता: आमचं ऐकलं असतं तर! एक्का चालतो का ते बघायला कंपनीतच संगणकावर गणित करून बघितलं. 6 आणि 21 मध्ये फारसा फरकच दिसेना. अशा वेळी तुमच्या वडिलांनी काय केलं असतं, ते विचारू नका. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या आणि पुन्हा मोजायला लावलं असतं. तिथं आकडे खोडायला सांगितलं. पुन्हा दुसऱ्या माणसाकडून गणित करून घेतलं, उत्तर तेच आलं, तेही खोडायला लावलं. ढीग नाही, गेट नाही, टेम्पोवाला नाही. आणि त्या सिमेंटच्या मिश्रणाच्या प्रयोगशाळेतल्या काही चाचण्या स्फोटाच्या आधीच बऱ्या आल्या नव्हत्या, हे अमेरिकेच्या चौकशी आयोगाला नंतर कळलं.

पुरावा नष्ट केल्याचा गुन्हा कंपनीनं 2013 मध्ये कबूल केला. त्याबद्दलचा दंड कायद्यात बसेल तेवढा जास्तीत जास्त लावला: 2 लाख डॉलर. त्या वेळच्या दरानं सव्वा कोट रुपये. शिवाय कंपनीनं स्वखुशीनं साडेपाच कोटी डॉलर मासे आणि वन्यजीवांसाठी काम करणाऱ्या संस्थेला दिले. मासे खूश झाले असतील. 11 घरांत काय झालं ते दंडाच्या पावतीवर येत नाही.

पोलिसांचं नाव काढलं की आपल्या घरात आजी देव पाण्यात ठेवते, म्हणून दंडाबद्दलची भीती आधी घालवा. बड्या कंपनीत दंड हा खर्च असतो. डिझेलच्या खाली आणि विम्याच्या वर कुठंतरी त्याची ओळ असते. बेकर ह्यूजेसला 2001 मध्ये इंडोनेशियातल्या प्रकरणावरून पुन्हा असं करू नका म्हणून रीतसर आदेश मिळाला होता. 2007 मध्ये कझाकस्तानातल्या कंत्राटासाठी एजंटामार्फत पैसे चारल्याबद्दल तिनंच 4 कोटी 40 लाख डॉलर भरले, आणि त्या प्रकारचा तोवरचा तो सर्वांत मोठा दंड ठरला. विक्रम लवकरच मोडला. कंपनी आजही आहे आणि छान चालली आहे. परदेशात लाच देऊ नये हा अमेरिकेचा कायदा 1977 चा. फेब्रुवारी 2025 मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी नव्या प्रकरणांना काही महिने खीळच घातली, कारण अमेरिकी कंपन्या स्पर्धेत मागं पडतात म्हणे. जूनमध्ये नव्या सूचना देऊन गाडी पुन्हा सुरू केली. तुमची उमेदवारीची वर्षं चुकीच्या काळात गेली असं समजू नका, संधी येत-जात असते.

राहता राहिली नोकरीत शिरल्यावरची ऑनलाइन नीतिपरीक्षा. ती दरवर्षी द्यावी लागते आणि कोल्हापूरची पोरं हमखास इथंच अडकतात. प्रश्न साधा असतो: सरकारी अधिकाऱ्यानं तुमच्याकडं सणाची भेट मागितली, तुम्ही काय कराल? पर्याय तीन: देईन, देणार नाही, वरिष्ठांना विचारीन. आपला गडी पडद्याकडं बघत बसतो, कारण त्याच्या मनातला ‘किती मागतोय?’ हा पर्याय तिथं नसतो. मग तो चिडून ‘देणार नाही’ दाबतो, आणि त्याला उद्धट समजून पुन्हा पहिल्या पानावर पाठवतात. बरोबर उत्तर तिसरं. तुमच्या वरिष्ठांनाही तोच प्रश्न असतो आणि त्यांचंही बरोबर उत्तर तेच, त्यांच्या वरच्यांचंही तेच. अगदी वरच्या साहेबांना परीक्षेला बसायला सवड नसते. त्यांच्या वतीनं सेक्रेटरी बाई देतात, आणि त्यांना 100 पैकी 100 पडतात.