अर्धांगवायूचा झटका आला की आधी सीटीच
‘तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला तर सीटी स्कॅन करू नका. जुनं तंत्र आहे, सुरुवातीला त्यात काही दिसत नाही, वर किरणांनी कॅन्सर होतो. थेट एमआरआय करा. तो नॉर्मल आला की काळजी मिटली.’ अशा अर्थाचे संदेश व्हॉट्सॲपवर फिरत असतात. सीटीच्या दारात नातेवाईक तोच फोन पुढे करतात, वाद घालतात, आणि पेशंट स्ट्रेचरवर तसाच पडून राहतो. म्हणून एकेक मुद्दा घेते.

‘सीटीत सुरुवातीला काही दिसत नाही.’ हे अर्धसत्य आहे आणि जिवावर बेतणारं आहे. झटका दोन कारणांनी येतो: रक्तवाहिनीत गुठळी अडकते, नाहीतर वाहिनी फुटून रक्तस्राव होतो. पेशंटकडे नुसतं बघून यातलं काय झालंय ते खात्रीने सांगता येत नाही. उपचार मात्र एकमेकांच्या उलट. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि रक्तस्राव असताना तेच दिलं तर जीव जाऊ शकतो. ताजं रक्त सीटीवर लगेच पांढरं दिसतं. गुठळीमुळे रक्त न पोचलेला भाग मात्र पहिले काही तास बऱ्याचदा नेहमीसारखाच करडा दिसतो. त्यामुळे हात उचलत नाही आणि सीटी ‘नॉर्मल’, असं असेल तर इंजेक्शनचा विचार करता येतो. रक्त नाही, एवढंच डॉक्टरांना त्या घडीला जाणून घ्यायचं असतं.

एमआरआय जास्त बारकाईने दाखवतो, यात वाद नाही. त्यातल्या डिफ्यूजन तपासणीत ताजी इजा काही मिनिटांतही उठून दिसते. झोपेतून उठल्यावर झटका लक्षात आला आणि तो कधी आला हे कुणालाच माहीत नसेल, तर तिथे एमआरआयचा मोठा आधार असतो. पण त्याला वेळ लागतो, पेसमेकर आणि अंगातल्या धातूची चौकशी करावी लागते, पेशंटला निश्चल पडून राहावं लागतं. मोठी वाहिनी बंद असताना मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात, असा अंदाज आहे. तालुक्याच्या गावी सीटी असताना एमआरआयसाठी शहराची वाट धरणं म्हणजे हातातले तास घालवणं.

‘जुनं तंत्र.’ पहिल्या पेशंटचा सीटी १९७१ मध्ये लंडनला झाला, हे खरं. आजचं मशीन अख्खं डोकं काही सेकंदांत टिपतं. शिरेतून औषध देऊन केलेल्या सीटी अँजिओग्राफीत गुठळी नेमकी कुठे आहे तेही कळतं. ही गुठळी वाहिनीत नळी घालून बाहेर काढता येते, निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही.

‘किरणांनी कॅन्सर.’ डोक्याच्या एका सीटीत साधारण २ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून माणसाला वर्षाकाठी सरासरी २.४ मिळतोच. विनाकारण सीटी करू नये, पण झटका हे कारण पुरेसं आहे. एमआरआयमध्ये हे किरण नसतात, मात्र त्याचं चुंबक कायम चालू असतं. २०१८ मध्ये मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला एक तरुण नातेवाईक मशीनकडे खेचला गेला आणि दगावला.

‘एमआरआय नॉर्मल, काळजी मिटली.’ मुळीच नाही. पार्किन्सन आणि मायग्रेनमध्ये साधा एमआरआय बहुधा नॉर्मलच असतो, फिट येणाऱ्या अनेकांचाही. हे आजार डॉक्टर लक्षणं ऐकून, पेशंट तपासून ओळखतात. फिटसाठी ईईजीची, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींच्या आलेखाची, मदत घेतात. सगळ्यात फसवा म्हणजे काही मिनिटांत आपोआप ओसरलेला झटका. हात पुन्हा हलू लागतो, एमआरआयही नॉर्मल येऊ शकतो, आणि मोठ्या झटक्याचा धोका पुढच्या दोन दिवसांत सर्वांत जास्त असतो. अशा माणसाला रिपोर्ट चांगला आला म्हणून घरी नेऊ नका. त्याच दिवशी न्यूरॉलॉजिस्टला दाखवा, तो जवळ नसेल तर फिजिशियनला.