किझाशी ही गाडी वाईट होती म्हणून सुझुकीने अमेरिकेतला मोटारींचा व्यवसाय सोडला?

नाही. सुझुकीच्या अमेरिकी उपकंपनीने नोव्हेंबर 2012 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तेव्हा घटलेला खप, छोट्या गाड्यांवरची भिस्त आणि महागलेला येन (जपानी चलन) ही कारणे दिली होती. किझाशी ही सेडान गाडी म्हणून टोयोटा कॅमरी आणि होंडा अकॉर्डसमोर उभी राहण्याइतकी चांगली नक्कीच होती: 2.4 लिटरचे इंजिन, मॅन्युअल गिअरबॉक्ससह 185 अश्वशक्ती, शिवाय चारही चाकांना ताकद देण्याची सोय, जी तेव्हा त्या दोघींकडे नव्हती. मात्र ती 'सगळ्यात सरस' होती हा उलटा दावाही फुगवलेलाच. लांबी जेमतेम 4.65 मीटर, म्हणजे मागे बसणाऱ्यांचे गुडघे आखडलेले. व्ही-6, म्हणजे सहा सिलिंडरच्या इंजिनाचा पर्यायच नाही. चालवणाऱ्याची मात्र मजा होती!