‘तळ्यात पैदास होते की!’ म्हणणाऱ्या वाचकांना उत्तर

मेकाँग नदीतल्या जायंट कॅटफिश या महाकाय माशावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : “एसीत बसून थायलंडच्या माशासाठी गळा काढू नका. त्याची तळ्यात पैदास होते, त्याचाच भाऊ पंगास आपल्या बाजारात ढिगानं पडलेला असतो. लेख लांबलचक आहे, आणि धरणं नकोत तर वीज कुठून आणणार?”

लेख लांबला, मान्य. विजेवर त्यात सबंध परिच्छेद आहे. तो इथे पुन्हा लिहीत बसत नाही. पण ‘एसीत बसून’ हे मी सोडणार नाही. ओळख ना पाळख, टोपणनावाआडून हे बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला? मी मत्स्यबीज केंद्रावर उमेदवारी केली आहे. भर पावसात कंबरभर पाण्यात उभं राहून रोहू-मृगळला अंडी घालायला लावणारी पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काची इंजेक्शनं दिली आहेत, रात्र रात्र हापे, म्हणजे अंडी-पिल्लं ठेवायच्या जाळीच्या पेट्या, राखले आहेत. मतभेद खुशाल ठेवा; पण समोरचा माणूस रिकामटेकडा आहे असं धरून चालायची ही रीत मला अजिबात खपत नाही.

आता ‘तळ्यात पैदास होते’. होते ना. थायलंडच्या मत्स्यखात्यानं नदीतून धरलेल्या नर-मादीपासून 1983 मध्येच कृत्रिम प्रजनन जमवलं, पिल्लं नदीत सोडलीही. पुढे काय झालं? 1990 मध्ये उत्तर थायलंडमधल्या, मेकाँगकाठच्या चियांग खोंगच्या परिसरात 69 मासे जाळ्यात आले होते. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत तो आकडा हाताच्या बोटांवर आला. 2003 मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं ही जात ‘अतिसंकटग्रस्त’ ठरवली, म्हणजे प्रजननाचं तंत्र हाती येऊन वीस वर्षं झाल्यावर! 2005 मध्ये तिथेच 2.7 मीटर लांबीचा, 293 किलोचा मासा मिळाला, तोही जगला नाही.

केंद्रावर राबलेल्या माणसाला याचं नवल वाटत नाही. एका मादीपासून लाखो मत्स्यजिरे, म्हणजे नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं, मिळतात, पण ते सगळे एकाच आईबापाचे. त्याच त्या प्रजनक माशांवर केंद्र चालवलं की काही पिढ्यांत वाण खालावतो. हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. शिवाय तळ्याला प्रवाह कुठला? हा मोठेपणी बिनदातांचा, शेवाळावर जगणारा मासा कंबोडियातल्या तोनले साप सरोवरातून निघून मेकाँगच्या पात्रात लांबवर जातो. पावसाळ्यात मेकाँगचा लोंढा तोनले साप नदीला उलटी वाहायला लावतो आणि कित्येक जातींची कोवळी पिल्लं त्या पाण्याबरोबर सरोवराकाठच्या बुडालेल्या जंगलात पोचतात. हे तुम्ही कुठल्या तळ्यात घडवणार आहात?

राहिला पंगास. वंश एक, जाती दोन. ‘बासा’ म्हणून आपल्याकडे विकला जातो तो पंगास. त्याचे ढीग पाहून मेकाँगच्या माशाची काळजी सोडणं म्हणजे गावात गायी भरपूर आहेत, तेव्हा गवे संपायचे नाहीत म्हणण्यासारखं आहे.

डिसेंबर 2024 मध्ये कंबोडियात पाच दिवसांत असे सहा मासे जाळ्यात आले आणि टॅग लावून पुन्हा नदीत सोडले गेले. त्यातला सर्वांत जड 131 किलोचा होता. नदीत ते अजून आहेत, म्हणून तर हा लेख लिहिला. मुद्द्यावर बोललात तर पुन्हा उत्तर देईन. ‘गळा काढू नका’ छापाची भाषा आली तर प्रतिक्रिया प्रसिद्ध होणार नाही.