एका घोडीवर वर्षाला १२ लाख? व्हॉट्सअ‍ॅपवरचा हिशेब आणि तबेल्यातला हिशेब

‘नोकरी सोडा, घोडी घ्या’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या नाशिक जिल्ह्यातल्या शेतकऱ्यांच्या ग्रुपवर फिरतोय. ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्यासाठी त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. दोन लाखांची मारवाडी घोडी घ्यायची आणि वरातीला ५,००० रुपयांनी द्यायची. महिन्याला २० वराती धरल्या तर वर्षाचे १२ लाख. वर दरवर्षी एक शिंगरू, ते दोन वर्षांत लाखोंना जातं, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात तर कोटींत सौदे होतात. चारा घरच्या शेतातला. सरकार ५० लाख देतं. २०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. आणि या धंद्याला शिक्षण लागत नाही.

मी नाशिकजवळ एका तबेल्यावर घोडे तयार करतो आणि मुलांना रपेट शिकवतो. दिंडोरीकडचा एक पोरगा हाच मेसेज घेऊन माझ्याकडे आला. द्राक्षबागेच्या पैशातून घोडीचा इसार द्यायची त्याची तयारी झाली होती. त्याला जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितोय, कारण हा हिशेब चुकतो तेव्हा माणसाचं कर्ज वाढतं आणि जनावर उपाशी मरतं.

आधी वरातींचं बघू. महिन्याला २० वराती वर्षभर मिळतील, हे लिहिणाऱ्याने पंचांग उघडलेलं नाही. आषाढी ते कार्तिकी एकादशी चातुर्मास. पौषात आपल्याकडे लग्न धरत नाहीत. गुरू-शुक्राचा अस्त असला की आणखी दिवस जातात. उरलेल्या लग्नसराईत तिथी दाट असते तेव्हा एकाच गोरज मुहूर्ताला पाच जणांचे फोन येतात आणि घोडी एकच असते. नवरदेव मारुतीच्या पाराला जाऊन मांडवात येईपर्यंत दोन-तीन तास मोडतात, जाण्या-येण्याचा टेम्पो वेगळा. दिवसाला एक वरात, फार तर दोन. पुढच्या आठवड्यात तिथी नसली की घोडी खुंट्याला उभी, पण तिची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, चालूच.

या धंद्याची आणखी एक बाजू मेसेजमध्ये नाही. डीजेच्या भिंतीपुढे, फटाक्यांत, शंभर माणसांच्या गर्दीत उभं राहणं हे घोड्याच्या स्वभावाविरुद्ध आहे. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी. त्याला तिथे शांत उभा करायचा तर महिनोन् महिने आवाजाची सवय लावावी लागते. ज्यांना तेवढा धीर नसतो ते काटेरी लगाम घालतात. तो एकदा हातात घेऊन बघा. तोंडात जाणाऱ्या लोखंडी दांडीला टोकदार काटे असतात, ओढलं की ते ओठाच्या कोपऱ्यात आणि जिभेवर रुततात. वरातीतल्या घोड्याच्या तोंडाला लालसर फेस दिसला तर तो बहुतेक वेळा या काट्यांचाच असतो. १९६५ च्या ओझ्याच्या जनावरांसंबंधीच्या केंद्रीय नियमांनी अशा लगामाला बंदी घातली आहे, तरी तो बाजारात मिळतो. मला याची चीड येते, आणि महिन्याला २० वरातींचा हिशेब लोकांच्या डोक्यात भरवणाऱ्यांचीही तेवढीच येते, कारण घाईने तयार केलेल्या घोड्यावरच हा लगाम चढतो.

आता शिंगराचं. इथे मेसेजमधला एक आकडा दुसऱ्या आकड्याला खातो. घोडी ११ महिने गाभण असते. शेवटचे तीन-चार महिने तिला वरातीत नाचवणं म्हणजे गर्भ गमावण्याची जोखीम. व्यायल्यावर शिंगरू पाच-सहा महिने दूध पितं. त्या काळात तिला घेऊन निघालात तर ते मागे किंचाळत राहतं आणि घोडी गर्दीत बिथरते. म्हणजे वर्षाला शिंगरू हवं असेल तर त्या घोडीच्या वराती जवळजवळ बंद. वराती हव्या असतील तर शिंगरू नाही. मेसेजवाल्याने दोन्ही उत्पन्नं एकाच घोडीवर धरली आहेत.

दरवर्षी शिंगरू हेही गृहीतच. व्यायल्यानंतर साधारण आठवडा-दीड आठवड्यात घोडी पुन्हा माजावर येते खरी, पण त्याच माजाला गाभ धरेल याची खात्री कोणी देत नाही. एखादा हंगाम रिकामा जातो, कधी गर्भ पडतो, कधी शिंगराला जन्मल्यावर वेळेत चीक मिळत नाही आणि ते दगावतं. जगलेल्यांत निम्मी नर निघणार. नर शिंगरू मोठं झालं की त्याला माद्यांपासून वेगळं ठाण लागतं, नाहीतर खच्ची करावं लागतं. दोन वर्षांचं शिंगरू म्हणजे अजून हाडं भरायची आहेत. पाठीवर माणूस घेण्याजोगं ते तिसऱ्या वर्षाच्या आसपास होतं. तोवर तीन वर्षांचं खाणं, जंताची औषधं, लसी आणि खुरं कातरण्याचा खर्च तुमच्या खिशातून.

भाव कसा ठरतो हेही बघायला हवं. येवल्याच्या किंवा सारंगखेड्याच्या बाजारात जाणता गिऱ्हाईक घोड्याजवळ आला की आधी दात बघतो, मग हात अंगावरून फिरवत भोवरे शोधतो. गळ्याखाली देवमण नावाचा शुभ भोवरा असला तर किंमत चढते. डोळ्याखाली भोवरा असला तर ‘आसूढाळ’, म्हणजे अशुभ, म्हणून पुढे सरकतो, मग घोडा कितीही निरोगी असो. नंतर उंची इंचात, कान, पायाचे पांढरे ठसे, रवाळ, म्हणजे स्वाराला हिसके न देणारी चाल. माझा या शुभ-अशुभावर विश्वास नाही, पण बाजाराचा आहे, आणि शिंगरू कुठले भोवरे घेऊन जन्मेल हे कोणाच्या हातात नसतं.

सारंगखेड्याचे कोटींचे आकडे दरवर्षी डिसेंबरात बातम्यांत येतात. तापीकाठी दत्तजयंतीला भरणारी ही यात्रा खरोखर बघण्यासारखी आहे, प्रत्येक अश्वप्रेमीने एकदा जावं. पण कोटीची बातमी बहुतेकदा मालकाने सांगितलेल्या किमतीची असते. असे घोडे पुष्कळदा विकायला आणलेलेच नसतात, मालकाला नाव आणि वळूला मागणी हवी असते. कोणाला भाव समजून घ्यायचा असेल तर त्याने शेवटच्या दोन दिवसांत जावं, जेव्हा लांबून आलेले व्यापारी उरलेली जनावरं परत न्यायच्या भाड्याचा विचार करू लागतात.

‘चारा घरचाच’ हे वाक्य मला सगळ्यात घातक वाटतं. गायीला जो कडबा किंवा जास्तीचा भाजीपाला चालतो तो घोड्याला चालेलच असं नाही. गाय रवंथ करते, तिला चार कप्प्यांचं पोट आहे. घोड्याचं जठर अंगाच्या मानाने लहान असतं आणि त्याला उलटी करता येत नाही. बुरशी लागलेला चारा, धुळीचा कोंडा किंवा एकदम वाढवलेली चंदी म्हणजे पोटशूळ. घोडा सारखा कुशीकडे वळून बघतो, पुढच्या पायाने जमीन उकरतो, घामाने निथळतो, बसतो, लोळतो, पुन्हा उठतो. अशा वेळी त्याला हाताने चालवत ठेवून घोड्यांची माहिती असलेल्या डॉक्टरची वाट बघायची, आणि रात्री तसा डॉक्टर आसपास मिळणं नशिबाची गोष्ट. साडेतीनशे किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो चांगला वाळला चारा, थोडा लसूणघास, कामाप्रमाणे दोन-तीन किलो चंदी आणि २५ ते ४० लिटर स्वच्छ पाणी लागतं. नाशिकच्या बाजारात हे रोजचे दोन-तीनशे रुपये धरा. त्यात सकाळ-संध्याकाळ खरारा करून अंग साफ करणारा मोतद्दार, दर सहा-आठ आठवड्यांनी नाल ठोकणारा नालबंद, धनुर्वाताची लस. पावसाळ्यात चावऱ्या माश्या वाढतात आणि सर्रा नावाचा तापाचा आजार येतो.

ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य आजाराचा उल्लेख मेसेजमध्ये एका शब्दानेही नाही. हा आजार माणसालाही होतो. चाचणीत तो पक्का झाला तर कायद्याने घोड्याला दयामरण द्यावं लागतं आणि आसपासच्या भागात घोड्यांची ने-आण, बाजार, जत्रा यांवर निर्बंध येतात. आजारी घोडा शेजाऱ्याचा असला तरी तुमच्या वराती थांबतात. घोडी विकत घेताना रक्ततपासणीचा कागद मागणारे गिऱ्हाईक मी फार थोडे पाहिलेत.

सरकारी ५० लाखांबद्दल अर्धं खरं सांगितलंय. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने राष्ट्रीय पशुधन अभियानात घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या उद्योगांचा समावेश केला, हे बरोबर. पण अनुदान भांडवली खर्चाच्या ५० टक्के आणि कमाल ५० लाख आहे. म्हणजे ५० लाख मिळायला प्रकल्पच कोटीचा हवा, आणि उरलेलं अर्धं स्वतःचं किंवा बँकेचं. जमीन विकत घेणं आणि रोजचा चालू खर्च त्यात बसत नाही. वरातीसाठी एक घोडी घेणाऱ्याला या योजनेतून काही मिळणार नाही.

सिंहस्थाचं दोन ओळींत. मुख्य स्नानं ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मध्ये, भर पावसात, आणि पुन्हा १२ वर्षं नाही. एका पर्वणीच्या भरवशावर वीस-पंचवीस वर्षं जगणारं जनावर घेऊ नका.

देशातल्या घोड्यांची संख्या २०१२ च्या पशुगणनेत सव्वासहा लाखांच्या घरात होती, २०१९ मध्ये ती साडेतीन लाखांच्या आत आली. नाशिकचे टांगे रिक्षांनी संपवले. मुंबईतल्या व्हिक्टोरिया घोडागाड्या उच्च न्यायालयाच्या २०१५ च्या निकालानंतर बंद झाल्या. ओझं आणि सवारी यांवर चालणारा घोड्याचा धंदा आटतोय.

वाढतंय ते कौशल्याचं काम, आणि म्हणूनच ‘शिक्षण लागत नाही’ हे मला सगळ्यात जास्त खटकतं. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत भारताच्या ड्रेसाज (घोड्याकडून शिकवलेल्या हालचाली करून घेण्याची स्पर्धा) संघाने सुवर्ण मिळवलं तेव्हापासून रपेट शिकायला येणाऱ्या मुलांचे आईबाप प्रशिक्षकाबद्दल नेमके प्रश्न विचारू लागलेत. आपल्या भोसला मिलिटरी स्कूलमध्ये घोडेस्वारी शिकवली जाते. बारावी विज्ञान झालेल्याला पशुवैद्यकाची साडेपाच वर्षांची पदवी आहे, परळचं महाविद्यालय १८८६ पासून आहे, आणि लष्कराच्या जनावरांची जबाबदारी असलेल्या रिमाउंट अँड व्हेटर्नरी कोअरला असे डॉक्टर लागतात. अंगकाठी लहान आणि हाडाचा स्वार असेल तर पुणे-मुंबईच्या रेसकोर्सवर शिकाऊ जॉकी म्हणून वाट आहे.

दिंडोरीच्या त्या पोराला मी यातलं नालबंदाचं काम सुचवलं. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतं, म्हणून हे काम कधी संपत नाही. नालबंद पाय मांडीत धरतो, खूर साफ करतो, वाढ कापतो, कानस मारून सपाट करतो, नाल बसवून बघतो. मग खिळा. खुराच्या तळाला बाहेरची निबर भिंत आणि आतला तळवा जिथे मिळतात तिथे एक पांढरी रेघ असते, खिळा तिच्या बाहेरून जायला हवा. आत गेला की घोडा लंगडला. चांगला कारागीर हातोडीच्या आवाजावरून ओळखतो खिळा कुठे चाललाय ते. असे हात नाशिक परिसरात इतके कमी आहेत की आम्हाला तारखा लावून थांबावं लागतं. मी त्याला आमच्या नालबंदाचा नंबर दिलाय. शिकायला कानस, सांडशी, हातोडी आणि दीड-दोन वर्षं कोणाच्या तरी हाताखाली वाकून उभं राहण्याची तयारी एवढंच लागतं, आणि द्राक्षबाग जागेवर राहते.