‘कोरोना बॅचच्या सर्जनकडे जाऊ नका’ या संदेशाला उत्तर

गेले काही दिवस व्हॉट्सॲपवर फिरणारा एक संदेश अखेर माझ्या आत्याच्या मोबाइलवर पोहोचला आणि पित्ताशयातील खड्यांसाठी ठरलेली शस्त्रक्रिया तिने पुढे ढकलली. २०२० ते २०२२ मधले सर्जन मोबाइलवर ऑपरेशन शिकले, त्यांनी पेशंटला हात लावलेला नाही, परीक्षा न देताच ते पास झाले, तेव्हा पास झाल्याचे साल विचारा आणि ‘कोरोना बॅच’ निघाली तर थांबा, असे त्यात म्हटले आहे. मी शल्यचिकित्सा शिकवतो, त्यामुळे यावर गप्प बसणे मला शक्य नाही.

सर्वांत घातक आहे तो ‘थांबा’ हा सल्ला. वारंवार दुखणारे पित्ताशय वाट पाहत बसत नाही. खडा सरकून मुख्य पित्तनलिकेत अडकला की कावीळ होते, स्वादुपिंडाला सूज आली तर जिवावर बेतू शकते, आणि पुन्हापुन्हा सूज येऊन आतले भाग एकमेकांना चिकटले की तीच शस्त्रक्रिया मुरलेल्या सर्जनलाही अवघड जाते. संदेश पुढे पाठवणाऱ्याने यातले काही विचारात घेतले होते का?

ऑपरेशन मोबाइलवर शिकवले गेले, हे धादांत खोटे आहे. ऑनलाइन झाली ती व्याख्याने, केसवरील चर्चा आणि चित्रफितींचे विश्लेषण. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत सर्जन स्वतःही पडद्यावर पाहूनच काम करतो, त्यामुळे त्याला जे दिसते तेच विद्यार्थ्यालाही दिसते. पित्ताशयात शिरणाऱ्या फक्त दोनच रचना, नलिका आणि धमनी, स्वच्छ दिसल्याशिवाय क्लिप (कापण्याआधी नळी बंद करणारा छोटा चिमटा) लावायची नाही, हा नियम शिकवताना चित्रफीत नेमक्या त्या क्षणी थांबवून ‘आता क्लिप लावशील का, आणि का?’ असे एकेकाला विचारता येते. रक्तस्राव चालू असताना टेबलावर तेवढी उसंत नसते. ऊती किती ताणायची हे मात्र पडद्यावरून कळत नाही. त्यासाठी निवासी डॉक्टर खोक्यात मोबाइलचा कॅमेरा बसवून टाके घालण्याचा सराव करत होते. अशा सरावाला हसणाऱ्यांनी येल विद्यापीठातील २००२ साली प्रसिद्ध झालेली चाचणी पाहावी. तिच्यातील १६ निवासी डॉक्टरांपैकी ज्यांनी आधी आभासी सिम्युलेटरवर सराव केला, त्यांनी यकृतापासून पित्ताशय सोडवण्याचे काम २९ टक्के लवकर केले. सराव न केलेल्यांकडून पित्ताशयाला इजा होण्याची किंवा भलती ऊती भाजण्याची शक्यता पाचपट होती. घरचे खोके त्या सिम्युलेटरच्या तोडीचे नाही, पण रुग्णाबाहेर केलेला सराव हाताला उपयोगी पडतो, एवढे त्यातून नक्की दिसते.

एक गोष्ट मान्य करावी लागते: त्या काळात हाताला काम कमी मिळाले. मुंबईचे नायर रुग्णालय एप्रिल २०२० मध्ये संपूर्णपणे कोविडसाठी राखले गेले, आणि पहिल्या लाटेतील १२ आठवड्यांत जगभर सुमारे २ कोटी ८४ लाख नियोजित शस्त्रक्रिया रद्द होतील किंवा पुढे जातील, असा कोविडसर्ज या संशोधकगटाचा अंदाज होता. हर्निया, थायरॉइड, पित्ताशय यांच्या याद्याच थांबल्या. पण हे नुकसान शस्त्रक्रियागृह बंद राहिल्याचे आहे, ऑनलाइन वर्गांचे नव्हे. शिवाय फुटलेले अपेंडिक्स, आतड्याचा अडथळा, अपघात हे काही थांबले नव्हते, आणि २०२१ मध्ये म्युकरमायकोसिसच्या रुग्णांसाठी नाक-कान-घसा विभागातील निवासी डॉक्टर अक्षरशः रात्रंदिवस उभे होते. पुढे नियमित शस्त्रक्रिया सुरू झाल्या आणि त्या तुकडीने तेव्हापासून काही वर्षे प्रत्यक्ष काम केले आहे, याचा संदेशात उल्लेखही नाही.

परीक्षेबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. अंतिम वर्षाची पदव्युत्तर परीक्षा रद्द करावी किंवा पुढे ढकलावी, ही काही डॉक्टरांची मागणी सर्वोच्च न्यायालयाने जून २०२१ मध्ये फेटाळली होती.

सर्जनला प्रश्न जरूर विचारावेत, पण ते सालाचे नसावेत. ही शस्त्रक्रिया तुम्ही स्वतः किती वेळा केली आहे, आत चिकटलेले आढळले तर काय कराल, पोट उघडावे लागले तर मदतीला कोण असेल, हे विचारावे. आत्याला मी हेच तीन प्रश्न कागदावर लिहून दिले आहेत.