‘कट्टर ठाणेकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

अमेरिकेत कागदपत्रांविना राहणाऱ्या कामगारालाही कामावर इजा झाली तर भरपाई मागता येते, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, “ज्याच्याकडे कागद नाहीत त्याचा हात तुटला तरी हक्क कसला? एसीत बसून चोरांची वकिली बंद करा.” मतभेद असू द्या, पण हात गमावलेल्या माणसाला चोर म्हणायची ही कुठली रीत? स्वतःचं खरं नाव सांगून, चारचौघांत असं बोलाल का?

एक मान्य. तिथे राज्याराज्यात नियम वेगळे आहेत, कॅलिफोर्नियाचं सगळीकडे लागू होत नाही. पण त्या राज्याच्या कामगार कायद्यातलं कलम 3351 वाचा. नेमणूक कायदेशीर असो की बेकायदेशीर, राबणारा तो कामगारच. त्याला परत पाठवायचं का, हा प्रश्न वेगळा.

आता “हक्क कसला?” हे मी घरात ऐकलंय. माझे वडील रबाळे एमआयडीसीत ठेकेदाराकडे पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा दाबायच्या मशीनवर, होते. हात आत जाऊ नये म्हणून मशीनला गार्ड असतो, तो लावला की माल कमी निघतो म्हणून काढून कोपऱ्यात टाकलेला. उजवा अंगठा गेला. ठेकेदाराने दवाखान्यात केसपेपरवर “घरी पडून लागलं” असं लिहायला लावलं. कंपनी म्हणाली, हा माणूस आमच्या मस्टरवर नाही. नेमणूकपत्र नाही, पगाराची स्लिप नाही. तेव्हा लागू असलेल्या 1923 च्या भरपाई कायद्यात अंगठा गेला की कमाईची क्षमता 30 टक्के गेली असं धरायचे, आणि माणूस ठेकेदाराचा असला तरी कलम 12 खाली मूळ मालकाकडे मागता यायचं. हे आम्हाला सांगणारं कुणी भेटलं नाही. दाव्याची दोन वर्षांची मुदत तशीच उलटली.

म्हणाल, तुमचे वडील तर इथलेच. होतेच! साताऱ्याचं रेशनकार्ड होतं, तरी वाऱ्यावर सोडलं. ज्याच्या हाताचे पैसे द्यावे लागत नाहीत, त्यालाच मालक आधी कामावर घेणार. मग गार्ड कशाला लावेल? आणि तुमच्या-माझ्या पोरांना त्याच प्रेसवर, त्याच भावात उभं राहावं लागेल.

तुम्ही काढलेल्या व्होट बँक, घुसखोरी, टॅक्स या विषयांवर माझ्या लेखात अक्षर नाही, तेव्हा त्याला उत्तरही नाही. तुमची दुसरी प्रतिक्रिया काढून टाकली आहे. एका वाचक ताईंना उद्देशून जे लिहिलंत ते पुन्हा लिहिलंत, तर इथे तुमचं काहीच राहणार नाही.