ओला टॉवेल आणि सातशे वर्षांचे संत

ओह्रिडहून आलेला माणूस दोनच गोष्टी सांगतो : पाणी काय नितळ आणि चर्चं किती जुनी! या दोन्हींच्या मध्ये कपडे कुठे बदलायचे, हे मात्र कुणीही सांगत नाही. म्हणून मी सांगतो.

उत्तर मॅसिडोनियातलं हे गाव तळ्याच्या काठावरून थेट टेकडीवर चढलंय. युनेस्कोच्या यादीत 1979 मध्ये तळं आलं, 1980 मध्ये गावाचीही भर पडली, आणि पर्यटकाच्या मानेवर दुहेरी कर्तव्य बसलं : पोहायचंही आणि भारावूनही जायचं. त्यात दंतकथा म्हणते, इथे वर्षाच्या दिवसांइतकी, म्हणजे 365 चर्चं होती.

नवखी मंडळी सकाळीच पाण्यात उतरतात. तिथेच घात होतो. अंग सैल, डोक्यावर ऊन, पायात ओल्या रबरी चपला आणि समोर मध्ययुगीन राजा सामुइलच्या किल्ल्याचा चढ. गल्ल्यांतले दगड पावलांनी घासून इतके गुळगुळीत झालेत की ओली चप्पल त्यांच्यावरून साबणाच्या वडीसारखी सुटते. धापा टाकत चर्चपाशी पोचावं, तर खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. कमरेला गुंडाळलेला टॉवेल म्हणजे पोशाख, हे फक्त गुंडाळणाऱ्याला पटतं.

तेव्हा दिवस उलटा लावा. सकाळी टॅक्सीने थेट वरच्या वेशीला, गोर्ना पोर्टाला उतरा. जवळच पेरिव्लेप्टोस चर्च आहे. तिथली भित्तिचित्रं 1295 च्या सुमाराची. मिहाइल आणि एव्तिहिज या चित्रकारांनी आपल्या सह्या संतांच्या वस्त्राशस्त्रांत दडवल्यात. त्या शोधत माना मोडून घ्या. मग किल्ला, तिथून उताराने प्लाओश्निक, म्हणजे संत क्लेमेंटच्या चर्चची जुनी जागा, आणि आणखी खाली कड्यावरचं कानेओचं संत जॉन चर्च. तिकिटं जागोजागी वेगळी; सुटे देनार खिशात ठेवा. कानेओच्या पायथ्याशी पाणी. आता खुशाल भिजा, वर चढायचं काही उरलं नाही. गावात परतायला काठाने लाकडी पूलवाट आहे, नाहीतर होडी.

आता किनारा. वाळूची स्वप्नं घरी ठेवून या. बहुतेक ठिकाणी गोटे आहेत. पातळ चटई अंथरली की प्रत्येक गोटा पाठीला स्वतंत्रपणे भेटतो. पाण्यातले जाड तळव्याचे बूट घ्याच, आणि ते पायात ठेवूनच उतरा. काठावर काढून ठेवले, तर जाताना उत्साहात काही कळत नाही. येताना मात्र चारचौघांसमोर दोन्ही हात पसरून, तोंड वेडंवाकडं करत, डोंबाऱ्यासारखं यावं लागतं. शिवाय पाणी इतकं पारदर्शक की तळ गुडघाभर खाली वाटतो आणि पाय टेकवायला जावं तर डोकंच बुडतं. तळ्याची कमाल खोली जवळपास 290 मीटर आहे, त्यामुळे पोहता येत नसेल तर अंदाजपंचे करू नका.

संत नाउमचा मठ दक्षिणेला सुमारे 30 किलोमीटरवर. बस लवकर पोचवते, होडी निवांत. मठ 905 सालचा. संताच्या समाधीला कान लावला की हृदयाचे ठोके ऐकू येतात, अशी श्रद्धा आहे. मागे रांग असली की आपलेच ऐकू येतात. शेजारीच किनारा, पण तिथे झरे तळ्याला मिळतात, म्हणून पाणी थंडगार. आधी समाधी, मग डुबकी. आवारात मोर मोकळे फिरतात. खाऊची पिशवी उघडी टाकून पोहायला गेलात, तर परतल्यावर चौकशी त्यांच्याकडेच करा.